भागीरथीचा विलायती दाखला

नगर जिल्ह्यात त्या काळी जी पोरं नोकरीला चिकटली, त्यांतली निम्मी आपल्या कागदावर चिकटली, असं कानिफनाथ छाती ठोकून सांगायचा. त्यात बढाई होती, नाही असं नाही, पण अगदीच वाऱ्यावरची नव्हती. कचेरीच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली त्याचं टेबल. टेबलावर इंग्रजी टाइपरायटर, शेजारी पाण्याचा तांब्या, समोर गिऱ्हाइकासाठी लोखंडी खुर्ची. शिपाई व्हायचं असो, कंडक्टर व्हायचं असो, नाहीतर कंपाउंडर, माणूस त्या खुर्चीवर येऊन बसला की कानिफनाथ चष्म्यावरून त्याला न्याहाळायचा आणि पहिला प्रश्न टाकायचा, "घरी खानारी तोंडं किती?"

कारण अर्जाचा जीव तिथं असतो, असं त्याचं मत. तुला काय येतं, तू काय शिकलास, हे मागाहून. आधी साहेबाचं काळीज हललं पाहिजे. त्याच्या अर्जात म्हातारी आई आजारी असायची, बहीण लग्नाची असायची आणि शेत कोरडवाहू असायचं. शेवटी एक ठरलेलं वाक्य असे: ह्या उपकाराबद्दल मी आणि माझी मुलंबाळं आपल्या दीर्घायुष्यासाठी जन्मभर प्रार्थना करू. ज्याचं लग्नसुद्धा झालेलं नाही, त्याच्याही अर्जात ही मुलंबाळं हात जोडून उभी असत. एखादा पोरगा लाजून म्हणे, "काका, मला कुठं मुलं?" त्यावर कानिफनाथ म्हणे, "नोकरी लागू दे, हुतील."

अर्जाबरोबर चालचलणुकीचा दाखला लागायचा. त्याची रीत अशी, की दाखला ज्याला हवा त्यानंच तो लिहून आणायचा आणि मोठ्या माणसानं खाली सही ठोकायची. म्हणजे लिहायचा अर्थातच कानिफनाथनं. 'अर्जदारास मी लहानपणापासून ओळखतो. तो सुस्वभावी, कष्टाळू व निर्व्यसनी असून चांगल्या घराण्यातील आहे.' हे वाक्य त्याच्या बोटांत इतकं मुरलं होतं, की ते टाइप करता करता तो शेजारच्या चहावाल्याशी भांडू शकायचा. मग पोरगा तो कागद घेऊन सरपंचाकडे, हेडमास्तरांकडे नाहीतर एखाद्या डॉक्टराकडे जायचा. लहानपणापासून ओळखणारा तो सद्गृहस्थ पोराला उंबऱ्यावर पहिल्यांदाच बघत असायचा. तो न वाचता सही करी, गोल शिक्का मारी, आणि काम फत्ते. ह्यात लबाडी आहे असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. सही खरी, शिक्का खरा, मग खोटं राहिलं कुठं?

कानिफनाथ मूळचा मिरजगावचा. महारवाड्यात जन्मला, पोरवयात नगरच्या लष्करी छावणीत एका कचेरीत पट्टेवाला म्हणून लागला, आणि कारकून जेवायला गेला की त्याच्या मशीनवर बोटं चालवून टाइपिंग शिकला. छप्पन्न साली सगळ्यांबरोबर बौद्ध झाला. छावणीतली नोकरी सुटल्यावर एक जुनं मशीन घेऊन लिंबाखाली बसला, तो बसलाच. तापट माणूस. गिऱ्हाइकानं कागदाला बोट लावलं तरी खेकसायचा. घरी बायको साळूबाई आणि एकच लेक, भागीरथी.

भागीरथीला नर्सिंगला मिशनच्या एका दवाखान्यात घातली, तेव्हाही अर्ज बापानंच केला होता. त्यात घरात खाणारी सात तोंडं होती. पोरगी म्हणाली, "आबा, आपण तर तिघंच आहोत." कानिफनाथ म्हणाला, "तुला नर्सिंग पायजे का हिशोब?" पोरगी भरती झाली. शिकली, पास झाली, त्याच दवाखान्यात नोकरीला राहिली. तिचं जे काही कागदावर गेलं, ते सगळं बापाच्या मशीनमधून गेलं.

बहात्तर सालच्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. भागीरथीच्या बरोबरीची एक नर्स इंग्लंडला गेली होती, तिनं तिथल्या एका दवाखान्याचा फॉर्म पाठवला. भागीरथीनं तो बापापुढं ठेवला आणि म्हणाली, "मला जायचंय."

साळूबाईनं तोंडाला पदर लावला. "येवढ्या लांब? तिथं मेलं कोन हाय आपलं?"

कानिफनाथ मात्र हरखला. मिरजगावची पोरगी विलायतेला! त्यानं लगोलग चष्मा पुसला, फॉर्म घेतला आणि दुसऱ्या दिवशी लिंबाखाली गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून तो वाचायला बसला. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. अर्जदाराचं नाव होतं, जन्मतारीख होती, शिक्षण होतं. बापाचं नाव लिहायला जागा नव्हती. त्यानं फॉर्म उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. बापाचं नाव न विचारता नोकरी देतात हे लोक?

मग त्यानं जात शोधली. तीही नव्हती. इतकी वर्षं त्यानं हजारो कागदांवर तो रकाना भरला होता. कुणाचा मराठा, कुणाचा माळी, स्वतःच्या लेकीचा नवबौद्ध. तो रकाना आला की समोरचा कारकून मान वर करून माणसाकडे एकदा बघतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. इथं तो रकानाच नाही म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

फॉर्मच्या अगदी शेवटी बाप सापडला. आजारपण किंवा मृत्यू झाल्यास कळवायचं कुणाला, त्या ओळीत. कानिफनाथचं डोकं फिरलं. "वा रे वा! मेल्यावर कळवायला बाप चालतो, नोकरी देताना चालत न्हाई!"

फॉर्मवर छापलं होतं, उमेदवारानं स्वतःच्या हातानं, काळ्या शाईनं भरावा. भागीरथी पेन घेऊन बसलीही. पण कानिफनाथनं कागद ओढून घेतला. हातानं खरडलेला अर्ज म्हणजे गरजवंत माणूस, टाइप केलेला म्हणजे इज्जतदार. ज्याच्या घरात मशीन आहे त्याच्या पोरीनं हातानं लिहायचं म्हणजे लोक काय म्हणतील? त्यानं फॉर्म टाइप केला. जोडीला एक वेगळा कागद लावला, त्यात सात तोंडं, आजारी आई आणि जन्मभराची प्रार्थना. आणि त्यावर दाखल्यांची चळत. सरपंचाचा, हेडमास्तरांचा, छावणीतल्या एका निवृत्त मेजरसाहेबांचा, दवाखान्यातल्या डॉक्टरांचा आणि तिथल्या सगळ्या नर्सांवरच्या मेट्रन कलाबाईंचा.

"आबा, दाखले त्यांनी मागितलेच नाहीत," भागीरथी म्हणाली. "दोन माणसांची नावं मागितलीत फक्त. ते स्वतः पत्र लिहून त्यांना विचारणार."

"नुसत्या नावावर कोन इस्वास ठेवतं? त्यांना म्हाईत नसंल आपली रीत. बघ, गोल शिक्के बघून गार पडतील."

गार पडण्याऐवजी जूनमध्ये उत्तर आलं. भाषा फार सभ्य होती, त्यामुळं जास्तच झोंबली. आपल्या अर्जातून आपल्या कुटुंबाची परिस्थिती कळली, आपल्या कामाबद्दल मात्र काही कळलं नाही. सोबतची सर्व प्रशस्तिपत्रं एकाच यंत्रावर आणि एकाच शब्दांत लिहिलेली दिसतात, त्यामुळं ती त्या त्या व्यक्तींनीच लिहिली आहेत याची आम्हाला खात्री करून घेता येत नाही. तरीही आम्ही आपल्या मेट्रनना स्वतंत्र पत्र लिहीत आहोत, आणि त्यांच्या उत्तरावरच निर्णय घेऊ.

कानिफनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मंजे आमी चोर? एकाच मशीनवर न्हाईतर काय प्रत्येकासाठी नवं मशीन आनू? आरं, सह्या बघा की सह्या! मेजरसाहेबाची सही खोटी हाय का?" तो इतका ओरडला, की शेजारच्या दोघी बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

भागीरथी भांडली नाही, रडली नाही. पत्राची घडी घालत एवढंच म्हणाली, "आता मेट्रनबाई काय लिहितील, त्याच्यावर आहे सगळं."

"मग लिव्हू दे की. मी टाइप करून देतो."

"आपल्याला ते बघायचं नसतं, आबा. माणसाच्या पाठीमागं लिहायचं असतं ते."

"पाठीमागं? त्याला आपल्याकडं चुगली म्हंतात!"

भागीरथीनं पिशवी उचलली. ड्यूटीची वेळ झाली होती, ती निघून गेली.

त्या साली पावसानं तोंड दाखवलं नाही. गावंच्या गावं दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली, आणि दवाखान्याचा वॉर्ड जुलाबाच्या आणि तापाच्या माणसांनी भरून गेला. खाटा संपल्या, मग वऱ्हांडा संपला. अशा दिवसांत एका दुपारी मेट्रन कलाबाई स्वतः लिंबाखाली आल्या. पांढरं पातळ, हातात छत्री, कपाळावर घाम. येऊन लोखंडी खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून एक फोडलेलं विलायती पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"कानिफराव, ह्याचं उत्तर टाइप करायचंय."

पाकिटावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'गोपनीय' असं छापलेलं होतं. कानिफनाथनं ते वाचलं आणि हात आवरता घेतला. "बाई, ह्ये तर गुपित हाय. माझ्या पोरीचंच ना?"

"हो. म्हणजे भागीरथीला सांगायचं नाही."

"आनि बापाला?"

"बापाला सांगू नका असं कुठं लिहिलंय? आणि मी दुसऱ्या कुणाकडं जाऊ? दवाखान्याचं मशीन दुरुस्तीला पडलंय. माझी सगळी इंग्रजी पत्रं तुम्हीच करता. फक्त शब्द द्या, की पोरीला बोलणार नाही."

कानिफनाथनं शब्द दिला. कलाबाईंना ह्यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नाही. टाइपिंग ते टाइपिंग. मुलीबद्दलचं गुप्त पत्र मुलीच्या बापाकडून टाइप करून घ्यावं, हे त्या विलायती दवाखान्याला कळतं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

त्यानं नवा कागद चढवला. बोटं सवयीनं कळांवर गेली. "लहानपनापासून ओळखते, सुस्वभावी, कष्टाळू... त्येच ना?"

"नाही हो. त्यांनी प्रश्न विचारलेत." कलाबाईंनी पत्र उलगडलं. "ती काम कसं करते. दुसऱ्यांशी कशी वागते. तुमच्याकडं पुन्हा आली तर घ्याल का. आणि तिच्यातला दोष कोणता."

"दोष?" कानिफनाथचा आवाज चढला. "नोकरी देनारा मानूस दोष इचारतो? कसला देस हाय ह्यो?"

"विचारलाय खरा."

कलाबाई मराठीत सांगू लागल्या, कानिफनाथ ते इंग्रजीत घालू लागला. आणि पहिल्यांदाच त्याची बोटं अडखळली. त्याची इंग्रजी सगळी स्तुतीची आणि विनवणीची. तिच्यात एखादं खरंखुरं माणूस बसवायचं म्हणजे शब्द सापडेनात. भागीरथीचा हात हलका आहे, सुई टोचली तरी पेशंटला कळत नाही. बाया तिचं नाव घेऊन हाका मारतात. घाण साफ करायची वेळ आली की बाकीच्या पोरी इकडं तिकडं होतात, ती होत नाही. कानिफनाथ टाइप करत होता आणि मनातून फुलत होता. पुढं कलाबाई म्हणाल्या, "तोंडाळ आहे." एका म्हातारीला डॉक्टर जागा नाही म्हणून परत पाठवत होते. भागीरथीनं सगळ्यांदेखत त्यांना सुनावलं, की जागा नसली तर नर्सांच्या खोलीत माझ्या खाटेवर ठेवते. आणि ठेवली.

"घरी तर तोंडातनं शब्द काढत न्हाई," कानिफनाथ म्हणाला.

"घरी तुम्ही असता ना," कलाबाई म्हणाल्या.

हे त्याला लागलं, पण तो कागदाकडे बघत राहिला. कलाबाईंनी छत्री एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"आता पुढचं घ्या. मागच्या पावसाळ्यात तिनं एका माणसाचं इंजेक्शन शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिलं."

मशीन थांबलं.

"माणूस मरू शकला असता. नशिबानं काही झालं नाही. कुणी पाहिलं नव्हतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण ती तशीच माझ्याकडं आली आणि म्हणाली, बाई, मी चुकले, डॉक्टरांना बोलवा. मग दिवस मावळेपर्यंत त्या माणसाच्या खाटेपासून हलली नाही. मी तिचा त्या महिन्याचा अर्धा पगार कापला. हे सगळं लिहा."

कानिफनाथला एकदम तीन धक्के बसले. एक तर पोरीच्या हातून असं झालं. दुसरं म्हणजे ते तिनं घरी सांगितलं नाही. त्या महिन्यात तिनं पगार कमी दिला, तेव्हा मैत्रिणीला उसने दिले म्हणाली होती. आणि तिसरं म्हणजे हे आता आपणच आपल्या हातानं विलायतेला कळवायचं. आयुष्यभर त्यानं लोकांचे काळे डाग पुसले होते. फौजदारी झालेल्याला निर्व्यसनी केलं होतं, दोनदा नापास झालेल्याला होतकरू केलं होतं. आणि स्वतःच्या पोरीचा डाग तेवढा लिहायचा?

त्याची बोटं पुन्हा चालू लागली. मशीनचा खडखडाट तोच होता. पण कागदावर उमटलं ते जुनं वाक्य: सुस्वभावी, कष्टाळू, चांगल्या घराण्यातील. त्यानं कागद ओढून काढला आणि कलाबाईंपुढं सरकवला.

कलाबाईंनी पेन काढलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा कागद कधी वाचला नव्हता, आजही वाचत नव्हत्या. पेन टेकवता टेकवता सहज म्हणाल्या, "इंजेक्शनचं घातलं ना?"

कानिफनाथ कागदावर वाटेल ते लिहू शकायचा. तोंडानं खोटं बोलणं मात्र त्याला कधी जमलं नाही. तो तांब्यातलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "गाळलं, बाई. बापाचा हात हाय. न्हाई चालला."

तो वाट बघत होता की बाई आता चिडतील. कलाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.

"आं?"

"खरं सांगते, कानिफराव. मला ती जायला नकोय. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, माणसं जमिनीवर झोपतात, आणि माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली पोरगी मी विलायतेला धाडू? पण विचारल्यावर खोटंनाटं वाईट लिहायला माझं मन घेईना. म्हणून खरं होतं ते सांगितलं. तुम्ही ते काढलंत. आता हा तुमचा नेहमीचा दाखला झाला. नेहमीच्या दाखल्याला ते लोक काय म्हणतात, ते तुम्हाला कळवलंयच त्यांनी. पोरगी इथंच राहील. माझ्याकडून खोटं लिहिलं गेलं नाही, आणि माझं कामही झालं. आणा, सही करते."

कानिफनाथनं कागदावर हात ठेवला. "थांबा. आनि इंजेक्शनचं घातलं मंजी घेतील तिला?"

"ते मला काय माहीत? त्याच्यावरूनच नाकारतीलसुद्धा. नर्सनं चुकीचं इंजेक्शन देणं ही काही लहान गोष्ट नाही. पण ते पत्र माझं असेल. हे तुमचं आहे."

लिंबाखाली ऊन सरकून टेबलावर आलं होतं. दोन गिऱ्हाइकं कुंपणाला टेकून विडी ओढत उभी होती. कानिफनाथ मनात हिशोब करू लागला. हे न घालता पाठवलं तर पोरगी घरी राहील. साळूबाई खूश होईल. चारचौघांत सांगायला होईल, की विलायतेच्या लोकांना माणसाची पारख नाही. घातलं तर काय होईल, ते देव जाणे. मनातून त्याला पोरीचा राग आला होता. पण कुणी पाहिलं नसताना ती खरं बोलली, म्हणून त्या रागाच्या खाली मान ताठ करावी असं काहीतरी वाटत होतं, आणि ते रागापेक्षा जड होत चाललं होतं.

त्यानं कागद घेतला, टराटरा फाडला आणि नवा चढवला.

"सांगा, बाई. पैल्यापासून सांगा. आनि चुकली, ह्याला इंग्रजीत चांगला शब्द कोन्ता?"

"चांगला कशाला? साधा घाला." कलाबाईंनी शब्द सांगितला. कानिफनाथनं तो एकेक अक्षर दाबून टाइप केला.

पुन्हा सगळं झालं. हलका हात, तोंडाळपणा, म्हातारी, इंजेक्शन. शेवटाला कलाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पुढं लिहा. माझ्या सगळ्या नोकरीत असं स्वतः होऊन सांगणारी दुसरी नर्स मी पाहिली नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही सांगितलं नसतं."

कानिफनाथनं मान वर केली. "ह्ये घालायचं?"

"घाला."

त्यानं घातलं. कलाबाईंनी ह्या वेळी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला, मग सही केली. पाकीट त्याच्याकडे दिलं नाही, स्वतः पोस्टात टाकायला गेल्या. त्यांच्याकडून टाइपिंगचे पैसे घ्यायचं कानिफनाथला सुचलं नाही, आणि द्यायचं त्यांनाही सुचलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले, ते त्याचं त्याला ठाऊक. पोरगी समोर बसून भाकरी खायची आणि हा तिच्या हाताकडे बघत राहायचा. दोनदा तरी शब्द ओठांवर आला, की का गं, बापाला सांगायला काय झालं होतं? पण शब्द दिला होता. आणि त्याला थोडी भीतीही वाटत होती, की ती काय उत्तर देईल. चिडचिड करायला मग चहावाला होता, गिऱ्हाइकं होती. साळूबाई म्हणायची, "ह्यांना काय झालंय कळंना."

दिवाळी उलटल्यावर पत्र आलं. नेमणूक झाली होती. कलाबाईंच्या पत्राबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कुठल्या तारखेला हजर व्हायचं, राहायची सोय कुठं, गरम कपडे कोणते आणायचे, एवढंच. भागीरथीनं ते तीनदा वाचलं, मग आईच्या गळ्यात पडली.

बातमी नगरभर झाली, आणि मग लिंबाखाली ही रांग लागली! कानिफनाथच्या अर्जानं पोरगी विलायतेला चालली म्हणे. नेवाशाचे एक मास्तर इथिओपियाच्या शाळेतल्या नोकरीसाठी आले, त्यांना प्रत्येक परीक्षेच्या निकालाची खरी नक्कल शिक्क्यासकट हवी होती. एका इंजिनियर पोराला अमेरिकेला जायचं होतं. तिकडचा कागद बघून तर कानिफनाथ थक्क झाला. त्यात साहेबाला नमस्कार नाही, विनंती नाही, नुसतं मी हे केलं, मी ते केलं, मी अमुक वाढवलं. "येवढी सोताची आरती सोताच गायची? लाज न्हाई वाटत?" पोरगा म्हणाला, तिकडं न गायली तर घेत नाहीत. कानिफनाथनं ती आरतीही टाइप करून दिली. देश तसा कागद, त्याला काय! एका ठिकाणी रड, एका ठिकाणी शिक्के दाखव, एका ठिकाणी मिशीला पीळ दे.

इंग्लंडचं म्हणून कुणी आलं की मात्र तो हात जोडायचा. "त्ये मी करत न्हाई. तुमचा दोष ज्याला म्हाईत हाय, आनि तरीबी जो तुमाला चांगलं म्हनंल, आसा एक मानूस हाय का तुमच्याकडं? असंल तर त्येच्याकडं जा." लोक म्हणायचे, म्हातारा माजला, आपल्या पोरीचं झालं आता दुसऱ्याला गुपित सांगत नाही. घरी भागीरथीही म्हणायची, "आबा, तुमच्या अर्जानं झालं हो काम." तो "हं" म्हणून पाणी प्यायला उठायचा.

पुढच्या साली थंडी सरता सरता ती निघाली. मुंबईपर्यंत साळूबाईचा भाऊ सोबत जाणार होता. एस.टी. स्टँडवर दुष्काळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी होती, पाट्या, फावडी, कडेवर पोरं. साळूबाई रडून रडून थकली आणि ट्रंकेवर बसून राहिली. मामा जागा धरायला बसमध्ये चढला. भागीरथी बापाला जरा बाजूला घेऊन गेली.

"आबा, एक सांगायचं राहिलंय. मघापासून सांगू सांगू म्हणतेय."

"सांग की."

तिनं सांगितलं. पावसाळा, शेजारशेजारच्या दोन खाटा, इंजेक्शन, मेट्रनबाई. सगळं तसंच होतं, फक्त एक गोष्ट कलाबाईंनी सांगितली नव्हती. त्या दिवशी ती घरी यायला निघाली आणि दारापर्यंत येऊन परत फिरली होती. संध्याकाळी घरी आणलेल्या बापाच्या मशीनचा आवाज आतून येत होता.

"तेव्हाच का न्हाई सांगितलं?" कानिफनाथनं विचारलं. इतके महिने तोंडात धरलेला प्रश्न अखेर बाहेर पडला.

भागीरथी खाली बघत म्हणाली, "कसं सांगू? तुम्ही लहानपणापासून माझं सगळं चांगलंच लिहीत आलात. तुमच्या कागदातली भागीरथी लई चांगली होती, आबा. तिनं असलं काही केलंय, हे तुम्हाला सांगायची मला भीती वाटायची."

कंडक्टरनं बेल मारली, मामा खिडकीतून हाका मारू लागला. "तो मानूस वाचला ना?" कानिफनाथनं विचारलं.

"वाचला."

"आनि तू व्हऊन सांगितलंस?"

"हो."

"मग झालं तर. जा."

ती पाया पडली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून तिनं हात हलवला, तेव्हा तिचा चेहरा हलका झालेला दिसला. हे सगळं आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं तो तिला बोलला नाही. कलाबाईंना शब्द दिला होता, हे एक झालं. दुसरं म्हणजे पोरगी आज पहिल्यांदा स्वतःबद्दल स्वतः सांगत होती, आणि ते तिच्याआधीच दुसऱ्या कुणी सांगून टाकलंय असं तिला वाटू नये, एवढंच त्याला हवं होतं.